पिन बसत नाही

दुबईत किंवा लंडनमध्ये पहिल्यांदा उतरलेला मराठी माणूस हॉटेलच्या खोलीत शिरल्यावर काय काय करतो, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. तो बूट काढतो, पडदा सारून बाहेर बघतो, बाथरूममध्ये बादली आहे का पाहतो, ती नसते, आणि मग खिशातलं बॉलपेन काढून भिंतीवरच्या प्लगमध्ये खुपसतो.

यात वेडेपणा नाही, शास्त्र आहे. तिथल्या प्लगला तीन चौकोनी भोकं असतात. खालच्या दोन भोकांवर आतून झाकणं असतात, आणि वरच्या भोकात अर्थिंगची लांब पिन शिरल्याखेरीज ती उघडत नाहीत. लहान मुलांनी त्यात काही घालू नये म्हणून ब्रिटिश इंजिनिअरांनी डोकं लढवून केलेली ही सोय. आपल्या माणसाकडे असतो दोन गोल पिनांचा चार्जर. मग पेन वरच्या भोकात, झाकणं उघडली, चार्जर खालच्या दोन भोकांत दाबून बसवला, पेन बाहेर. लहान मुलांना जमू नये म्हणून जे केलं, ते पन्नाशीच्या गृहस्थाला अर्ध्या मिनिटात जमतं. वर बायकोला "बघ, ॲडॅप्टरचे पैसे वाचवले" हेही ऐकवून होतं.

असं करू नये, हेही सांगून ठेवतो. पिन धड बसत नाही, आणि तिकडच्या वायरीच्या टोकाच्या प्लगमध्ये जो फ्यूज असतो तो या व्यवहारात मध्ये येतच नाही. पण सांगून उपयोग नसतो, कारण त्या माणसाचं प्रशिक्षण घरीच पुरं झालेलं असतं. गणपतीच्या माळेची वायर दाताने सोलायची, दोन तारा प्लगच्या दोन भोकांत घालायच्या आणि त्या निसटू नयेत म्हणून वर आगपेटीतल्या दोन काड्या ठोकायच्या, ही विद्या आपल्याकडे बापाकडून मुलाकडे जाते. विजेच्या भोकात आग लावायची वस्तू खोचून आरास सुरक्षित झाली असं मानणारे आपण एकटेच असू. काडीचा गुल आधी काढून टाकायचा की नाही, याबाबत मात्र मंडळामंडळांत मतभेद आहेत.

गंमत अशी की लंडनमध्ये आपली पिन बसायलाच हवी होती, कारण ती मूळची त्यांचीच. तीन गोल पिनांचा आपला प्लग म्हणजे 1934 सालचं ब्रिटिश मानक, बीएस 546. मग महायुद्ध आलं, तिकडे तांब्याची चणचण झाली. घरं तर नव्याने बांधायची होती. तेव्हा वायर कमी लागावी म्हणून घरभर एकच वेटोळं फिरवायचं आणि फ्यूज प्रत्येक प्लगमध्ये ठेवायचा असं ठरलं. त्यासाठी चौकोनी पिनांचा नवा प्लग निघाला, मानकाचं साल 1947. म्हणजे ज्या वर्षी इंग्रज इथून गेले, त्याच वर्षी त्यांनी गोल पिनेचाही नाद सोडायला घेतला. आपण मात्र ती इमानाने सांभाळली. ब्रिटनमध्ये आता 15 अँपिअरची जाड गोल पिन टिकून आहे ती मुख्यतः नाटकाच्या थिएटरांत, रंगमंचावरच्या दिव्यांसाठी. तेव्हा कोणाला इथला गीझर लंडनला न्यायचाच असेल तर त्याने थेट नाट्यगृह गाठावं. डिमरवर पाणी कोमट-कडक करायची सोयही होईल.

जगात आज प्लगांचे 15 प्रकार मोजले जातात, ‘ए’पासून ‘ओ’पर्यंत. हा घोळ मिटवायला आंतरराष्ट्रीय विद्युततंत्र आयोगाने 1986 साली साऱ्या जगासाठी एकच प्लग सुचवला. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि आपापल्या घरी जाऊन जुनाच प्लग लावला. दक्षिण आफ्रिका आणि ब्राझील या दोघांनी काय ते मनावर घेतलं, आणि ब्राझीलने घेतानाही त्यात पदरचा थोडा बदल केलाच. बाकी जगाने त्या एकमेव प्लगला यादीत ‘एन’ हे अक्षर देऊन इतरांच्या रांगेत बसवलं.

पण आकार हा सोपा भाग झाला. पिन बसली म्हणजे काम झालं, असं समजणारे लोक अमेरिकेला मिक्सर नेतात.

न्यू जर्सीत एडिसन नावाचं गाव आहे. भारतीय वस्ती दाट, त्यात मराठी घरंही पुष्कळ. थॉमस एडिसनची मेन्लो पार्कची प्रयोगशाळा होती ती याच गावाच्या हद्दीत. एडिसनने आपल्या दिव्यांसाठी 110 व्होल्टच्या आसपासचा दाब धरला आणि अमेरिका त्याच पायरीवर राहिली. आज तिथल्या भिंतीत 120 व्होल्ट असतात, आपल्याकडे 230. अशा या एडिसन गावी लेकीच्या बाळंतपणाला आलेल्या आई कपड्यांच्या घड्यांत गुंडाळून मिक्सर आणतात. जावई उत्साहाने ॲडॅप्टर आणून देतो. पिन सुरेख बसते. भांड्यात ओलं खोबरं, मिरच्या, कोथिंबीर. बटन फिरवलं की मिक्सर गुणगुणू लागतो आणि गुणगुणतच राहतो.

"अहो, हा नुसता कण्हतोय."

"आई, इथे व्होल्टेज कमी असतं."

"एवढा मोठा देश आणि वीज कमी?"

या प्रश्नाला जावयाकडे उत्तर नसतं, कारण तो आयटीतला असतो. उत्तर असं की व्होल्टेज निम्म्यावर आलं म्हणून ताकद निम्म्यावर थांबत नाही. इस्त्री किंवा शेगडी असेल तर ती जवळजवळ चौथाईवर येते. उलट दिशेला हाच हिशेब फार नेत्रदीपक होतो. तिकडून हौसेने आणलेला केस वाळवायचा ड्रायर इथल्या भिंतीत लावला, तर तो काही क्षण पावणेचारपट जोमाने चालतो आणि मग घरभर वास सुटतो. पिनेवर चढवायचा तुकडा फक्त तोंडं जुळवून देतो. स्वभाव जुळवायचा तर ट्रान्सफॉर्मर लागतो, आणि मिक्सरला पेलेल असा ट्रान्सफॉर्मर मिक्सरपेक्षा जड असतो. म्हणून आता शहाणी माणसं इथूनच 110 व्होल्टचा मिक्सर घेऊन जातात, परदेशी जाणाऱ्यांसाठी तसे मुद्दाम बनवले जातात. हीच माणसं पुढे कायमची परत आली की तोच मिक्सर काखोटीला मारून उलट्या दिशेचा ट्रान्सफॉर्मर शोधत पुण्याच्या बुधवार पेठेत हिंडताना दिसतात. मिक्सर टाकून का देत नाही असं विचारलं तर, "अहो, डॉलरमध्ये संसार केलाय त्याने," असं उत्तर मिळतं.

मोबाइलच्या चार्जरला ही पीडा नाही. त्याच्या पोटावर मुंगीएवढ्या अक्षरांत 100-240 व्होल्ट, 50/60 हर्ट्झ असं लिहिलेलं असतं. घरात ज्याला कोणी विचारत नाही, वायर धरून ओढलं जातं आणि सापडत नाही म्हणून शिव्या दिल्या जातात, ते हे यंत्र टोकियोच्या 100 व्होल्टांत आणि टिटवाळ्याच्या 230 व्होल्टांत सारख्याच शांतपणे काम करतं. टिटवाळ्याला 230 कधी असतात, हा विषय वेगळा.

दोन न जुळणाऱ्यांच्या मध्ये जो उभा राहतो त्याला कोणी विचारत नाही, हे मिरज जंक्शनाने फार पूर्वीच दाखवून दिलेलं आहे. लॉर्ड डलहौसीने हिंदुस्थानातल्या रुळांची रुंदी एकच असावी, साडेपाच फूट, असं ठरवलं होतं. इंग्लंडात या रुंदीवरून जी रणधुमाळी झाली होती ती त्याला इथे नको होती. पण 1870 नंतर, लॉर्ड मेयोच्या धोरणाने, खर्च वाचवायला मीटर गेज आली. मग त्याहून खर्च वाचवायला अडीच फुटी नॅरो गेज आली. काटकसर अशी चढत गेली आणि मिरजेत एके काळी तिन्ही रुंदींचे रूळ एकत्र नांदू लागले. कुर्डुवाडीकडून बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी गाडी, शेजारी मीटर गेज, आणि पुढे पुण्याकडून आलेली ब्रॉडगेज. तिघींची तोंडं समोरासमोर, पण एकीचा डबा दुसरीच्या रुळावर जाईना. मग मध्ये ॲडॅप्टर कोण? हमाल. त्याला लाल डगला आणि दंडाला पितळी बिल्ला. एका गाडीतली ट्रंक, वळकटी आणि आजी तो दुसऱ्या गाडीत नेऊन बसवायचा. रुळांची रुंदी ठरवणारे गव्हर्नर जनरल चरित्रांत गेले. रुंदीतला फरक ज्याने डोक्यावर वाहिला त्याच्याशी मात्र लोक चार आण्यांवरून घासाघीस करत बसले. 1992 पासून रेल्वेने सगळे रूळ एकाच रुंदीचे करायला घेतले. हमाल तरीही आहेतच, कारण आता जिना ओलांडायचा असतो.

कोणी म्हणेल, हा इंग्रजांचा नि आपला कारभार, पुढारलेले देश सगळं आधी आखून करतात. त्यांच्यासाठी अमेरिकेचं अपोलो 13. एप्रिल 1970 मध्ये चंद्राच्या वाटेवर यानातली प्राणवायूची टाकी फुटली आणि तिघा अंतराळवीरांना चंद्रावर उतरायला सोबत नेलेल्या चांद्रयानात आसरा घ्यावा लागला. ते बांधलेलं होतं दोघांसाठी, फार तर दोनेक दिवसांच्या मुक्कामाला. उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड साठू लागला. तो शोषून घेणारे डबे मुख्य यानात भरपूर होते, पण ते चौकोनी, आणि चांद्रयानातली खोबण गोल. एकच देश, एकच मोहीम, एकच सरकारी तिजोरी. मग असं का? तर मुख्य यान बांधलं एका कंपनीने आणि चांद्रयान दुसरीने, आणि दोघींनी आपल्या डब्याचा आकार आपापला ठरवला. शेवटी जमिनीवरच्या इंजिनिअरांनी प्लास्टिकच्या पिशव्या, फायलींचे पुठ्ठे, स्पेससूटची नळी आणि चिकटपट्टी यांतून एक तुकडा जुळवला आणि त्याची कृती रेडिओवरून वर वाचून दाखवली. चौकोनी डबा गोल भोकाला लागला आणि माणसं वाचली. चिकटपट्टी घरातल्या सर्व दुखण्यांवर चालते असं मानणाऱ्या माणसांना इतका मोठा दाखला पुन्हा मिळणार नाही.

पुढचा भाग मला त्याहून आवडतो. अंतराळवीर सुखरूप परतल्यावर चांद्रयानवाल्या ग्रुमन कंपनीने मुख्य यानवाल्या नॉर्थ अमेरिकन रॉकवेल कंपनीला थट्टेने बिल पाठवलं. बंद पडलेलं यान ओढून आणल्याबद्दल पहिल्या मैलाला 4 डॉलर, पुढे दर मैलाला 1 डॉलर, बॅटरी चार्ज केल्याचे वेगळे. सूट धरून बेरीज 3 लाख 12 हजार डॉलरच्या वर. समोरून उत्तर आलं की याआधी तुमची चांद्रयानं आम्ही चंद्रापर्यंत पोचवली, त्याचं भाडं आम्ही कधी मागितलं नव्हतं. सोसायटीच्या पाण्याच्या टँकरवरून होणारा पत्रव्यवहार ज्याने वाचला आहे, त्याला यातला सूर ओळखीचा वाटेल.

आणि 1972 साली अमेरिका आणि सोव्हिएत रशिया यांनी आपली यानं अवकाशात जोडायची ठरवली तेव्हा तर साक्षात लग्नाची बोलणी झाली. तोवरची जोडणीची पद्धत अशी होती की एका यानाला पुढे आलेला दांडा आणि दुसऱ्याला तो झेलणारी खळगी. म्हणजे एक वरपक्ष, एक वधूपक्ष. शीतयुद्ध चालू असताना वधूपक्ष कोण होणार? दोघेही वरपक्ष, दोघांनाही मान पहिला. शेवटी दोन्ही बाजूंना सारख्याच तीन पाकळ्या असलेली नवी कडी तयार केली, जिच्यात कोणीही पुढाकार घ्यावा, कोणीही झेलावं, आणि बाहेरून बघणाऱ्याला कोण कोणाकडे आलं ते कळू नये. आकाराचा प्रश्न असा सुटला, तर आतली हवा जुळेना. अमेरिकन यानात कमी दाबाचा शुद्ध प्राणवायू, रशियन यानात आपल्या अंगणातली असते तशी साधी हवा. म्हणून मध्ये एक वेगळी खोली बांधली, जिच्यात थांबून माणसाने एका हवेतून दुसऱ्या हवेत जायचं. शिवाय रशियनांनी आपल्या हवेचा दाबही थोडा उतरवला. भाषेचं असं ठरलं की प्रत्येकाने दुसऱ्याची भाषा बोलायची. अमेरिकन कप्तान टॉम स्टॅफर्ड ओक्लाहोमाचे. त्यांचं रशियन ऐकून रशियन कप्तान अलेक्सी लिओनोव्ह थट्टेने म्हणत की या मोहिमेत तीन भाषा चालल्या, रशियन, इंग्रजी आणि ओक्लाहोमस्की. 17 जुलै 1975 रोजी यानं जोडली गेली आणि दोघांनी हात मिळवले. त्या मधल्या खोलीचं पुढे काय झालं, हे सहसा कोणी विचारत नाही. काम झाल्यावर ती अवकाशात सोडून दिली.

माझं मत विचाराल तर मला एकच-एक मानकापेक्षा हे मधले तुकडे बरे वाटतात. सगळ्यांनी एकाच आकाराला यायचं म्हटलं की जो सर्वांत आडमुठा असतो त्याचा आकार शेवटी सगळ्यांचा होतो. मधला तुकडा कोणालाच वाकायला लावत नाही. दोघांचेही हट्ट शाबूत राहतात, वर काम होतं. तोटा इतकाच की पैसे तिसरा भरतो.

हा तिसरा प्राणी बघायचा असेल तर कोणत्याही सभागृहात पाहुण्यांचं सचित्र व्याख्यान ठेवा. दीपप्रज्वलन होतं, शाल-श्रीफळ होतं, पाहुण्यांचा लांबलचक परिचय होतो, आणि मग पाहुणे लॅपटॉप उघडतात. सभागृहाच्या प्रोजेक्टरला निळ्या रंगाचा, 15 टाचण्यांचा, 1987 सालच्या जातीचा व्हीजीए प्लग. पाहुण्यांचा लॅपटॉप इतका पातळ की त्याच्या कडेला नखभर दोन फटी. माइकवरून घोषणा होते: "कोणाकडे कन्व्हर्टर आहे का? यूएसबी-सी टू व्हीजीए?" सभेत शांतता. मग मागच्या रांगेतून एक मुलगा उठतो, पाठीवरच्या सॅकमधून वायरींचा गुंता काढतो आणि मंचाकडे चालू लागतो. आभारप्रदर्शनात अध्यक्षांपासून मांडववाल्यापर्यंत सर्वांची नावं येतात. या मुलाचं येत नाही. उलट सभा संपल्यावर त्याचा तुकडा प्रोजेक्टरलाच राहतो, आणि पुढच्या वर्षी कार्यालयाच्या डेडस्टॉकात ‘वायर, काळी, 1 नग’ म्हणून त्याची नोंद होते.

मोबाइलने तर या धंद्याला सोन्याचे दिवस आणले. पूर्वी पाहुणे घरी आले की पाण्याआधी विचारायचे, "नोकियाचा चार्जर आहे का? बारीक पिनचा?" आणि घरात हटकून जाड पिनचा असायचा. मग जाडाला बारीक करणारी दोन इंची शेपटी निघाली. ॲपलने 30 पिनांची वायर काढली, 2012 साली ती रद्द करून लायटनिंग काढली. 2016 साली हेडफोनचं भोकच बुजवलं आणि त्याला धाडस असं नाव दिलं. सॅमसंगने जाहिरातींतून त्यांची यथेच्छ टिंगल केली, आणि 2019 साली आपल्याही महागड्या फोनचं भोक बुजवलं. आता वायरच्या हेडफोनवर गाणी ऐकायची तर बोटभर लांबीचा एक पांढरा तुकडा लागतो. तो हरवायला सोफ्याच्या फटीएवढी जागा पुरते.

शेवटी युरोपीय संघाने दंडुका उगारला. 28 डिसेंबर 2024 पासून तिथे विकायच्या फोनला यूएसबी-सी हेच तोंड हवं असा कायदा झाला, आणि ॲपलने त्याआधीच, 2023 साली, मुकाट्याने ते तोंड आपल्या फोनला लावलं. सगळ्यांचं भोक एक झालं, पिन उलटीसुलटी कशीही बसू लागली, भांडण मिटलं असं वाटलं. पण पूर्वी जे बसत नव्हतं ते निदान बसत नाही म्हणून कळत तरी होतं. आता सगळंच बसतं. एक वायर 60 वॉटपर्यंतच वीज वाहते, दुसरी 240 पर्यंत, एकीतून चित्र जातं, एकीतून नुसतंच चार्जिंग होतं, आणि बाहेरून सगळ्या सारख्या दिसतात. हेडफोनच्या पांढऱ्या तुकड्यातही दोन जाती आहेत. एकाच्या पोटात आवाज तयार करणारी चिप असते, दुसरा नुसत्या तारा जोडून देतो. दुसऱ्या जातीचा तुकडा एका फोनवर गातो आणि दुसऱ्या फोनवर मुका होतो. कोणता कुठला, हे तुकड्यावर लिहिलेलं नसतं.

म्हणून माणसं अजूनही पुण्याच्या तपकीर गल्लीत जातात. तिथे काउंटरमागचा इसम मान वर न करता चारशे पाकिटांतून नेमकं एक काढून पुढे सरकवतो.

"हा चालेल ना?"

"चालतो."

"म्हणजे माझ्या फोनला?"

"फोन कुठला?"

गिऱ्हाईक फोन दाखवतं. तो अर्धा क्षण बघतो.

"लावून बघा."

"नाही चालला तर बदलून मिळेल?"

"मिळेल की. फक्त पाकीट फोडू नका."